विमानावरून परतणारा सिग्नल: यवतमाळजवळच्या गावातून पुणे आणि हैदराबाद कसं गाठायचं

यवतमाळजवळच्या एका गावातल्या परवानाधारक हॅमचा (हौशी रेडिओचालकाचा) प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘माझ्याकडे दोन मीटर बँडवर (१४४ मेगाहर्ट्झ) ५० वॅट देणारा ऑल-मोड, म्हणजे एफएमसोबत बाकीच्या पद्धतीही चालणारा रेडिओ आहे आणि घरावर उभी अँटेना आहे. आजवर फक्त एफएमवर रिपीटरमधून (सिग्नल उचलून पुढे पाठवणाऱ्या स्टेशनातून) बोललो. गावावरून दिवसभर विमानं जातात. त्यांच्यावर सिग्नल आपटवून पुण्याच्या आणि हैदराबादच्या मित्रांशी थेट बोलता येईल का? त्यासाठी किती पॉवर लागेल?’

येईल. मात्र पॉवरचा विचार सगळ्यात शेवटी करायचा असतो. दोन्ही टोकांना तेच विमान एकाच वेळी दिसतं का, हे सगळ्यात आधी बघावं लागतं. ‘दिसणं’ म्हणजे डोळ्यांना नव्हे, अँटेनाला. हे जुळलं नाही तर ५० च्या जागी ४०० वॅट लावूनही काही ऐकू येणार नाही.

हिशेब सोपा आहे. ११ किमी उंचीवरचं विमान, वातावरणात लहरी वाकतात ते धरून, सपाट माळरानावरून सुमारे ४३० किमीपर्यंत क्षितिजाच्या वर असतं. विमान बरोबर मधोमध असेल तर दोन स्टेशनांत कमाल अंतर याच्या दुप्पट, म्हणजे ८६० किमीच्या आसपास. यवतमाळ ते हैदराबाद सुमारे ३३५ किमी आणि यवतमाळ ते पुणे सुमारे ४९० किमी, म्हणून दोन्ही मार्ग आरामात बसतात. बंगळुरू ८०० किमीच्या पुढे आहे. कागदावर ते जमेल, पण त्यासाठी दोन्हीकडे क्षितिज एकदम मोकळं लागतं, तेव्हा सुरुवात तिथून करू नका.

आता क्षितिजाचं बघू. अँटेनासमोरच्या टेकाडाने क्षितिज एक अंश वर उचललं तर ४३० किमीची नजर सुमारे ३१० वर येते, आणि दोन अंश उचललं तर २३० वर. मधोमध, म्हणजे तुमच्यापासून सुमारे २४५ किमीवर असलेलं पुणे मार्गावरचं विमान तुमच्या क्षितिजापेक्षा जेमतेम १.७ अंश वर असतं. दोन किलोमीटरवर अँटेनापेक्षा ६० मीटर उंच टेकाड असेल तर त्याचा कोन नेमका तेवढाच होतो आणि मार्ग तिथेच संपतो. यवतमाळ-पुसद पट्ट्यात अशी टेकाडं पावलोपावली आहेत, म्हणून गाव कोणतं यापेक्षा गावात अँटेना कुठे आहे हे मोलाचं. मोजायला वेगळं साधन लागत नाही: एक अंश म्हणजे १०० मीटरवर १.७५ मीटर आणि दोन किलोमीटरवर ३५ मीटर. घर खोलगट जागी असेल तर वावरातल्या उंच धुऱ्यावर तात्पुरता मास्ट उभा करा. पुण्याची दिशा उत्तरेपासून सुमारे २४५ अंश, हैदराबादची सुमारे १७३ अंश. या दोन दिशा मोकळ्या असल्या की पुरे, बाकी आभाळ झाकलेलं असलं तरी बिघडत नाही. विदर्भात होकायंत्राचा दोष एक अंशाच्या आतच असतो, तो सोडून द्या. पण होकायंत्र लोखंडी मास्टला चिकटून धरू नका, दहा-बारा पावलं मागे उभं राहून दिशा घ्या.

यानंतर विमानं कुठून जातात ते बघा. नकाशावर सरळ रेषा आखली तर अहमदाबाद-हैदराबाद ही रेषा तुमच्या पुणे मार्गाला परभणी आणि जालना यांच्या मधल्या टापूत, जवळपास मध्यावर छेदते. तुम्हाला हवी ती हीच विमानं. हैदराबाद मार्गाला पुणे-कोलकाता आणि मुंबई-भुवनेश्वर या रेषा आडव्या छेदतात. दिल्ली-हैदराबाद रेषा तर यवतमाळवरूनच जाते, म्हणजे ती विमानं तुमच्या मार्गाच्या लांबीने उडतात. प्रत्यक्षातले हवाई मार्ग या रेषांपासून थोडे इकडे-तिकडे असतात, म्हणून चार-पाच दिवस फोनवरच्या अॅपमध्ये कोणतं विमान किती वाजता कुठून जातं ते वहीत लिहून काढा. मध्य भारतात राहण्याचा हा मोठा फायदा आहे. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशी दोन्हीकडची वाहतूक आपल्या डोक्यावर एकमेकींना छेदते.

डोक्यावरून जाणारं विमान सगळ्यात चांगलं, असा बहुतेकांचा समज असतो. पुण्यासाठी ते कामाचं नाही, कारण पुण्याहून ते क्षितिजाला टेकलेलं असतं किंवा त्याच्याही खाली. विमान दोघांना जोडणाऱ्या रेषेवर किंवा तिच्या अगदी जवळ हवं. कारण असं की विमानावर पडलेली ऊर्जा सगळीकडे सारखी पसरत नाही. सर्वांत जास्त ऊर्जा पुढच्या दिशेला, म्हणजे विमानाची सावली जिथे पडेल त्या बाजूला जाते. तो झोत किती रुंद हे तरंगलांबी आणि विमानाच्या लांबीवर ठरतं. ३७ मीटर लांबीच्या ए-३२० साठी १४४ मेगाहर्ट्झवर तो आडव्या दिशेने सुमारे तीन अंश, ४३२ वर एक अंश. विमान ताशी ९०० किमीने, म्हणजे सेकंदाला २५० मीटरने जातं, त्यामुळे मार्ग आडवा छेदणारं विमान दोन मीटरवर अर्धं ते दीड मिनिट कामाचं असतं, ७० सेंटिमीटरवर (४३२ मेगाहर्ट्झ) त्याहून कमी. मार्गाच्या लांबीने जाणारं विमान कित्येक मिनिटं साथ देतं. हैदराबादच्या बाबतीत मात्र उतरणारी विमानं शेवटच्या दोनेकशे किलोमीटरमध्ये उंची सोडत जातात. मार्ग छोटा असल्यामुळे मध्यावर सहा किमी उंचीचं विमानही दोन्हीकडून दिसतं, पण त्याच्या पुढे गेलं की सिग्नल लवकर खाली येतो. एटीआरसारखी पंख्याची विमानं लहान असतात आणि कमी उंचीवर उडतात. पुण्यासाठी त्यांच्या भरवशावर राहू नका.

आता पॉवरचा हिशेब. पुणे मार्ग, १४४ मेगाहर्ट्झ, विमान मध्यावर आणि त्याचं परावर्तन क्षेत्र (रेडिओ लहरींना ते जेवढं मोठं दिसतं ते) १००० चौरस मीटर धरलं तर मार्गात सुमारे २१२ डीबी ऱ्हास होतो (डीबी हे पटीचं माप: ३ डीबी म्हणजे दुप्पट, १० डीबी म्हणजे दहापट). तुमचे ५० वॅट म्हणजे ४७ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डीबी). दोन्हीकडे १३ डीबीआयच्या यागी (एका दिशेला झोत टाकणाऱ्या, अनेक दांड्यांच्या अँटेना; डीबीआय म्हणजे त्या झोताच्या जोराचं माप) आणि प्रत्येकी एक डीबी केबल धरली तर पलीकडे सुमारे उणे १४१ डीबीएम पोहोचतं. शांत खेड्यात एसएसबीच्या (एफएमपेक्षा अरुंद अशी बोलण्याची पद्धत) बँडविड्थमधला नॉइज सुमारे उणे १३८ असतो. म्हणजे आवाज नॉइजच्या तीन डीबी खाली राहतो आणि एसएसबीवर शब्द कळणार नाहीत. तोच सिग्नल सीडब्ल्यूवर (मोर्सवर), १०० हर्ट्झच्या फिल्टरमध्ये, नॉइजच्या दहा डीबी वर येतो आणि स्वच्छ ऐकू येतो. एफटी-८ या संगणकावर चालणाऱ्या डिजिटल पद्धतीला उणे २१ डीबीपर्यंत चालतं, म्हणजे तिथे सतरा-अठरा डीबी हातात शिल्लक राहतात. विमान रेषेवर आलं की सावलीकडच्या झोतामुळे परावर्तन क्षेत्र दहा डीबी किंवा जास्त वाढतं, आणि तेवढे सेकंद एसएसबीवरही बोलता येतं. एफएमचा नाद मात्र सोडावा लागेल. त्याला रुंद बँडविड्थमध्ये भरपूर मजबूत सिग्नल लागतो आणि एका पातळीच्या खाली तो एकदम तुटतो. एफएमचा हँडी (हातातला सेट) या कामाला चालत नाही.

या हिशेबात दोन गोष्टी फुकटात वाढवता येतात किंवा फुकटात गमावता येतात.

पहिली म्हणजे अँटेनाची दिशा आणि उंची. तुमची उभी अँटेना रिपीटरसाठी ठीक आहे. या कामात जगभर एलिमेंट (दांड्या) आडवे ठेवलेली यागी वापरतात. एकाची उभी आणि दुसऱ्याची आडवी असेल तर वीसेक डीबी पाण्यात जातात. उंचीचं गणित असं की समोर सपाट वावर असेल तर जमिनीवरून परतलेली लहर थेट लहरीत मिसळते. १.७ अंशाच्या कोनावर, चार मीटर उंचीच्या यागीचं यात तीन डीबी नुकसान होतं आणि दहा मीटर उंचीच्या यागीला जवळपास चार डीबी फायदा मिळतो. फरक सात डीबी, म्हणजे पॉवर पाचपट केल्यासारखं. म्हणून अॅम्प्लिफायर विकत घेण्याआधी पाइप विकत घ्या. दीड-दोन इंची जीआय पाइप, तीन बाजूंनी ताण, आणि वीजवाहिनीपासून मास्टच्या उंचीच्या दीडपट तरी अंतर. वावरातून जाणाऱ्या ११ केव्हीच्या तारेवर मास्ट कलंडला तर माणूस वाचत नाही. मास्ट उभा करताना तीन-चार जण सोबत घ्या आणि एकाने फक्त तारांकडे लक्ष ठेवावं.

चार मीटरची बूम (एलिमेंट ज्यावर बसतात तो पाइप) आणि सात-आठ एलिमेंट असलेली यागी १३ डीबीआयच्या आसपास देते. २५ मिमीचा चौकोनी अॅल्युमिनियम पाइप आणि ८ मिमीच्या सळ्या यवतमाळ-अमरावतीच्या दुकानांत मिळतात. एखादं तपासलेलं डिझाइन जसंच्या तसं उतरवा. दहाच्या जागी आठ मिमी सळी घेतली, किंवा प्लॅस्टिकच्या आधारावर बसवायचे एलिमेंट थेट धातूच्या बूममधून आरपार नेले, की लांबी बदलावी लागते. लांबी एक-दोन मिलिमीटरच्या आत असू द्या. झोत सुमारे ४० अंश रुंद असतो, त्यामुळे दिशा दहा अंश चुकली तरी एक डीबीसुद्धा जात नाही. यागी वर तिरकी करायची गरज नाही, ती क्षितिजाकडेच ठेवा. रोटेटर लागत नाही, पाइप हाताने फिरवून दोन खुणा करून ठेवल्या की भागतं.

केबल २० मीटर लागेल असं धरू. आरजी-५८ मध्ये तेवढ्यात जवळपास चार डीबी जातात, आरजी-२१३ मध्ये पावणेदोन. आरजी-५८ लावली तर तुमच्या ५० वॅटांपैकी वर जेमतेम २० पोहोचतात. इथे एक फसवणूक होते: केबल जितकी जास्त खाणारी, तितका खाली रेडिओजवळ मोजलेला एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) चांगला दिसतो. म्हणून एसडब्ल्यूआर अँटेनाच्या टोकाशी मोजा. जोडांवर आपोआप चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. पहिल्या पावसात पाणी शिरलेली केबल पुन्हा सुधारत नाही, ती बदलावीच लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे नॉइज. खेड्यात शांतता असते असं म्हणतात, पण आजच्या वावरात ती गृहीत धरता येत नाही. रोही आणि रानडुकरांसाठी लावलेल्या कुंपणाचं झटका मशीन सेकंदाला एक याप्रमाणे टक-टक देतं. गवताचं पातं किंवा ओली काडी तारेला टेकली की त्या जागी ठिणगी पडते आणि आवाज दुप्पट होतो. हा आवाज नॉइज ब्लँकरने बराच मरतो, पण खरा उपाय म्हणजे तारेखालचं गवत कापणं. सोलर पंपाचा कंट्रोलर दिवसभर सलग घरघर देतो आणि सूर्य मावळला की थांबतो. स्वस्त एलईडी बल्ब आणि मोबाईलचे चार्जर वेगळेच. वाहिनीवरचा तडकलेला इन्सुलेटर कोरड्या हवेत करकर करतो आणि पाऊस पडला की गप्प होतो. त्याची तक्रार खांबाच्या क्रमांकासह वीज कार्यालयात द्या. शोधायची रीत अशी: रेडिओ बॅटरीवर घ्या, घराचा मेन स्विच बंद करा आणि नॉइज किती पडला ते एस-मीटरवर बघा. पडला तर दोष घरात आहे. नाही पडला तर यागी फिरवून दिशा शोधा.

ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी या कामाला उत्तम. ५० वॅटवर रेडिओ दहा-बारा अँपिअर ओढतो. पाच मीटर लांब २.५ चौरस मिमी तार वापरली तर जाऊन-येऊन ०.९ व्होल्ट तारेतच जातात. मग बॅटरी थोडी उतरली की रेडिओ मध्येच बंद पडतो किंवा आवाज फाटतो. सहा चौरस मिमी घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या टोकाशी लावा. मे महिन्यात टिनाच्या खोलीत रेडिओ लवकर तापतो. डिजिटल पद्धतीत निम्मा वेळ सलग पूर्ण पॉवर जाते, म्हणून सावलीत ठेवा, पंखा लावा आणि पॉवर ३० वॅटवर आणा. ५० वरून ३० म्हणजे फक्त दोन डीबी.

पहिली चाचणी बोलण्याची नको. पुण्याच्या मित्राला १४४.३०० च्या आसपास, रिकामी जागा ऐकून ठरवून, पाच मिनिटं सलग कॅरियर (आवाज नसलेला नुसता सिग्नल) सोडायला सांगा, दर मिनिटाला आपला कॉलसाइन (परवान्यावरचं संकेतनाव) देत. तुम्ही यूएसबीवर (एसएसबीची वरची बाजू, संगणकाचं यूएसबी नव्हे) ऐका आणि ऑडिओचा वॉटरफॉल (सूर रेघांत दाखवणारं चित्र) संगणकावर बघा. विमान नसताना कदाचित काहीच नसेल, किंवा केसासारखी एक सरळ पुसट रेघ असेल. ती वातावरणातून थेट येणारी. मग बाजूला एक तिरकी रेघ उगवते आणि हळूहळू सरळ रेघेकडे सरकते. हे विमान. ते मार्गापासून दहा किमीवर असताना दोन्हींत सुमारे दहा हर्ट्झचा फरक असतो, आणि कानाला सेकंदाला दहा वेळा फडफडणारा सूर येतो. पुढच्या चाळीस सेकंदांत फडफड मंदावत जाते, विमान मार्गावर आलं की क्षणभर थांबते आणि पलीकडे पुन्हा वाढू लागते. ज्यांनी छतावरच्या अँटेनावर जुनं दूरदर्शन पाहिलं आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. विमान गेलं की चित्र थरथरायचं, त्यामागचं कारण हेच. डॉप्लरची (विमानाच्या वेगामुळे सरकलेल्या फ्रिक्वेन्सीची) ही रेघ दिसली की मार्ग चालतो हे पक्कं. हिवाळ्याच्या पहाटे सिग्नल तास-तासभर वर राहिला, सावकाश हलला आणि तिरकी रेघ दिसलीच नाही, तर ते विमान नव्हे, हवेच्या थरांमुळे येणारं ट्रोपो आहे.

रेडिओ लहरी विमानावरून परततात हे काही नवं नाही. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्रीजवळ बीबीसीच्या शॉर्टवेव्ह प्रक्षेपकाच्या लहरी हेफर्ड बॉम्बर विमानावरून परतताना पकडल्या आणि ब्रिटिश रडारचं काम तिथून पुढे सरकलं. हॅम तेच उलटं वापरतात: विमान शोधायचं नसतं, ते कुठे आहे हे आधीच माहीत असतं.

ते माहीत करून देण्यासाठी एअरस्काउट हा मोफत प्रोग्राम आहे. दोन्ही ठिकाणांचे लोकेटर (नकाशावरच्या चौकोनाचे कोड) द्या (यवतमाळ एमएल९०, पुणे एमके६८, हैदराबाद एमके९७, पुढची दोन अक्षरं आपल्या नेमक्या जागेची), अँटेनाची उंची द्या, की तो जमिनीचा चढउतार धरून दोघांना दिसणारा पट्टा दाखवतो आणि त्या पट्ट्यात शिरणारी विमानं रंगवतो. गावात इंटरनेट धड नसेल तर आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर) आणि डंप१०९० या प्रोग्रामवर विमानांचे १०९० मेगाहर्ट्झचे संदेश थेट पकडता येतात. त्याला ६९ मिमीची उभी तार आणि खाली चार तिरक्या तारा एवढी अँटेना पुरते.

प्रत्यक्ष संपर्कासाठी दोन मीटरवर एफटी-८ पासून सुरुवात करा. पंधरा सेकंदांचे आळीपाळीचे हप्ते, कोण आधी पाठवणार हे ठरलेलं. पुणे मार्ग मध्यावर छेदणाऱ्या विमानाचा डॉप्लर १४४ वर एका हप्त्यात तीन हर्ट्झच्या आसपास सरकतो, ते एफटी-८ ला चालतं. ४३२ वर तोच नऊ-दहा होतो आणि डिकोड गळायला लागतात, कारण त्याच्या सुरांतलं अंतरच ६.२५ हर्ट्झ आहे. तिथे क्यू६५ या दुसऱ्या डिजिटल पद्धतीचा पंधरा सेकंदांचा प्रकार, सूर एकमेकांपासून लांब ठेवलेला, म्हणजे १५-बी किंवा १५-सी घ्या. संगणकाचं घड्याळ एक सेकंदाच्या आत हवं. इंटरनेट नसेल तर यूएसबी जीपीएसवरून ते लावा. एका विमानात पूर्ण देवाणघेवाण झाली नाही तर थांबू नका, तीच पायरी पुढच्या विमानावर चालू ठेवा. एसएसबीवर बोलताना वाक्यं नकोत: दोन्ही कॉलसाइन, रिपोर्ट (सिग्नल कसा आला त्याचा आकडा), ‘ओव्हर’, पाच सेकंदांत. वेळ ठरवायला फोन चालतो, पण रिपोर्ट फोनवर सांगितला तर तो संपर्क धरला जात नाही.

विमानाला त्रास होईल का, ही शंकाही बरेच जण काढतात. ५० वॅट आणि ही यागी धरली तर १०० किमीवरच्या विमानाशी दीड-दोन मिलिव्होल्ट प्रति मीटर एवढंच क्षेत्र पोहोचतं, आणि तेही हॅमच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये. विमानाची उपकरणं याच्या कितीतरी पट सोसतील अशीच बनवलेली असतात. पॉवर आपल्या परवान्याच्या वर्गात बसेल तेवढीच ठेवा.

पावसाळ्यात ढग गडगडायला लागले की केबल रेडिओपासून काढून खोलीबाहेर टाका. मोकळ्या वावरातला दहा मीटर मास्ट ही परिसरातली सगळ्यात उंच धातूची वस्तू असते. ओली झाडं ४३२ चा सिग्नल बराच खातात, म्हणून ७० सेंटिमीटरचा प्रयोग पऱ्हाटी निघाल्यावर, कोरड्या दिवसांत करा.

आठ-दहा योग्य विमानं जाऊनही काही दिसलं नाही, तर या क्रमाने तपासा: दोन्हीकडे एलिमेंट आडवेच आहेत ना, दोघेही यूएसबीवर आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर आहेत ना (जुन्या रेडिओत एक किलोहर्ट्झ फरक सहज निघतो), घड्याळं जुळतात ना, आणि मग पलीकडच्या मित्राचं क्षितिज. पुण्याचा मित्र डोंगराच्या पश्चिम कुशीत राहत असेल तर त्याला सांगा, मोबाईल रिग (गाडीतला रेडिओ) आणि छोटी यागी घेऊन शहराच्या पूर्वेला मोकळ्या माळावर एक सकाळ उभं राहून बघ.